बाजूची खुर्ची

ही घटना खरी आहे.

या पानावर प्रत्येकजण असंच लिहितो. मीही वाचत आलोय. त्यामुळे तुम्ही विश्वास ठेवावाच असा माझा आग्रह नाही. पण यातलं बहुतेक मी स्वतः पाहिलंय. आणि एक काम मी स्वतः केलंय.

आधीच सांगतो, यात रात्र नाही. अमावस्या नाही. सगळं भर दुपारी घडलं. बंगळुरूत, एचएसआर लेआउटमधल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. खाली नारळपाणीवाला उभा होता.

माझं नाव पुरुषोत्तम. मूळचा नागपूरचा. व्हाइटफील्डकडे एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. सकाळची पाळी असते, दुपारी घरी येतो. घर मारतहळ्ळीला, चौथ्या मजल्यावर. लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या.

माझी बायको सुचेता पीएचडी करत होती. डोळ्यांवर बांधायचा तो व्हीआरचा हेडसेट असतो ना, घातला की आपली खोली दिसेनाशी होते आणि दुसरंच जग दिसतं... तो घातल्यावर माणसाला आतून काय वाटतं, हा तिचा विषय. यंत्र कसं चालतं हा नव्हे. माणसाचं काय होतं, हा. पाय जमिनीवर आहेत असं वाटतं का. पोटात गोळा नेमका कधी येतो. हेडसेट काढल्यावर आपलीच खोली परकी का वाटते.

ती लोकांना बसवून हे सगळं विचारायची. मी चेष्टा करायचो.

"भीती वाटली का, एवढंच विचारायचं. त्याला डॉक्टरेट?"

"तसं विचारलं की माणूस हो म्हणतो आणि विषय संपतो," ती म्हणायची. "मी विचारते, आधी काय झालं. मग काय झालं. मग? आणि मग? हळूहळू तो परत त्या क्षणात जाऊन उभा राहतो. तिथून खोटं बोलता येत नाही, पुरू."

हे तिचं बोलणं लक्षात ठेवा.

हेडसेटला ती डबा म्हणायची. आणि डबा घालण्याचे तिचे नियम होते. घरातली वेताची खुर्ची ती एचएसआरला, तिच्या प्रयोगशाळेत घेऊन गेली होती. ज्याने डबा घातलाय त्याच्या डाव्या बाजूला ती खुर्ची, आणि खुर्चीत एक माणूस. आतला आत असेपर्यंत बाजूच्याने खुर्ची सोडायची नाही. आतल्याने कधीही विचारावं, "आहेस ना?" बाजूच्याने म्हणावं, "आहे." आणि डबा काढायच्या आधी आतल्याच्या खांद्यावर दोन थापा. थापा पडल्या की त्याने डोळे मिटायचे. मग काढायचा.

"नाहीतर काय होतं?" मी एकदा विचारलं.

"माणूस बाहेर येतो, पण सगळा येत नाही."

ती पुढे वाकून प्रश्न विचारायची तेव्हा ती खुर्ची करकरायची. लग्नापासून तो आवाज माझ्या कानात आहे.

तिच्याबरोबर अपूर्व काम करायचा. डब्यातली दृश्यं तो बनवायचा. इथल्याच जुन्या मराठी घरातला मुलगा, के. आर. पुरमला आईबरोबर राहणारा. तिला अक्का म्हणायचा, मला अण्णा. महिन्यातून दोनदा तरी आमच्याकडे जेवायला.

"अक्का, तिखट स्वल्प कमी करा की. आम्ही बंगळुरी माणसं."

"जेव मुकाट्याने. आमच्याकडे याला गोड म्हणतात."

"अण्णा, तुम्ही कसे जिवंत राहिलात हो?"

असा मुलगा. माझ्या ताटाशेजारी बसणारा.

मागच्या वर्षी आयुधपूजेला सुचेताने त्या डब्यालाही हळदकुंकू लावलं. इथे सगळेच लावतात, बसला लावतात, संगणकाला लावतात. ते कुंकू पट्ट्यावर तसंच राहिलं.

त्याच आठवड्यात ती गेली.

नवीन दृश्य होतं. दोन उंच इमारती, मध्ये एक फळी, त्यावरून चालायचं. लोकांना देण्याआधी तिने स्वतः करून पाहायचं ठरवलं. ती कधीच लोकांना आधी द्यायची नाही.

डब्यात एक सोय असते. चालता चालता खऱ्या भिंतीजवळ किंवा दाराजवळ गेलात की डोळ्यांपुढे निळी जाळी येते. म्हणजे थांबा, इथे खोली संपली. त्याला ते हद्द म्हणायचे.

त्या दिवशी हद्द बंद होती.

मागचं दार उकाड्यामुळे उघडं होतं. दाराबाहेर गच्चीचा लहानसा तुकडा होता. त्याला कठडा बांधायचा राहिला होता.

सुचेता त्या दारातून बाहेर चालत गेली.

अपूर्वने सगळ्यांना एकच सांगितलं. अक्कांनी स्वतःच हद्द बंद केली. मला चहा आणायला खाली पाठवलं. म्हणाल्या, एकटी करते.

मला त्याने हे स्मशानात सांगितलं. माझा हात धरून.

संस्थेने चौकशी केली. संस्थेचं नाव लिहीत नाही. अहवालात आलं, "संशोधिकेची स्वतःची बेफिकिरी."

बेफिकिरी. जी बाई मला गंमत म्हणूनसुद्धा बाजूला माणूस बसल्याशिवाय डबा घालू द्यायची नाही, तिची.

मी तिच्या गाईड मॅडमना भेटलो. त्या म्हणाल्या, "तुमचं दुःख समजतं. पण तिथे दुसरं कोणी नव्हतं ना." मी तिचं सामान उचललं. वेताची खुर्ची रिक्षात घालून घरी आणली आणि गॅलरीच्या दाराजवळ ठेवली.

मग दुपारी ती खुर्ची करकरायला लागली.

मी स्वयंपाकघरात असायचो. बाहेरून आवाज यायचा. कर्र... जसं कोणी पुढे वाकून विचारतंय.

जाऊन बघितलं की खुर्ची रिकामी.

खरं सांगू? मला भीती वाटली नाही. मी दोन ताटं घ्यायला लागलो.

पुढे कळलं की सुचेताचा अभ्यास अपूर्वने पुढे चालू केलाय. तेच दृश्य, तीच फळी. आमच्या शेजारची भाग्यलक्ष्मी सुचेताच्या वेळी दोनदा जाऊन आली होती. अपूर्वने तिला परत बोलावलं. तिथून परतली ती थेट माझ्या दारात. कन्नड आणि हिंदी मिसळून बोलते, मी मराठीत लिहितोय.

"अण्णा, तिथे आता दुसरी बाई ठेवलीय का?"

"नाही. का?"

"माझ्या खांद्यावर कोणीतरी हात ठेवून बसलं होतं. डाव्या. अपूर्व तर समोर संगणकावर होता, त्याचा आवाज समोरून येत होता."

मी तिला आत घेतलं.

"आणि ती विचारत होती. मराठीत. मला तुमची मराठी येत नाही, पण प्रश्न कळत होता. बाजूला कोण होतं? बाजूला कोण होतं?" तिने पदर घट्ट ओढून घेतला. "मी म्हटलं, मला माहीत नाही, सुचेता."

"सुचेता का म्हणालीस?"

"मग आणखी कोणाचा आवाज होता तो?"

त्यानंतर तिथे जाणारी माणसं कमी होत गेली. एक दिवस दुपारी अपूर्वच घरी आला. गालफडं बसलेली. चप्पल दारात काढली पण आत येईना. त्याचं लक्ष खुर्चीकडे होतं.

"अण्णा, हे ऐका."

त्याने फोनवर एक मुलाखत लावली. त्याचा आवाज, "कसं वाटलं?" मग बराच वेळ काहीच नाही. मग समोरच्या माणसाचं उत्तर. "नाही, बाजूला कोणी नव्हतं." परत शांतता. "हो, दार उघडं होतं." परत शांतता. "ते त्यालाच विचारा."

प्रश्न एकही ऐकू येत नव्हता. नुसती उत्तरं.

"सगळ्या मुलाखती अशाच आहेत," तो म्हणाला. "मॅडम म्हणतात मी काहीतरी घोळ घालतोय. मला स्वतः डबा घालून बघायचंय. एकट्याने होत नाही. तुम्ही बाजूला बसता का?"

"मी?"

"तुम्ही बसलात तर अक्का काही करणार नाहीत."

मागे खुर्ची करकरली. त्यानेही ऐकलं. मी त्याच्याकडे बघत होतो, त्याने ऐकलं.

"सरी, ठीक आहे," मी म्हणालो. "खुर्ची घेऊन येतो."

शनिवार होता. मारतहळ्ळीहून खुर्ची रिक्षात घालून गेलो. रिक्षावाला म्हणाला, खुर्चीचं भाडं वेगळं. मी म्हटलं, घे. तिसऱ्या मजल्यावर अपूर्व एकटाच होता. मागच्या दाराला आता मोठं कुलूप होतं. बाहेर कठडाही बांधला होता. माणूस मेल्यावर बांधतात तसा.

त्याने डबा उचलला. तोच, त्या दिवशी पडल्यावर दुरुस्त करून आणलेला. पट्ट्यावरचं कुंकू अजून होतं. त्याने ते अंगठ्याने पुसायचा प्रयत्न केला. गेलं नाही.

संगणकावर त्याने नेहमीप्रमाणे रेकॉर्डिंग लावलं. खोलीच्या मध्ये उभा राहिला. डबा घातला. मी डाव्या बाजूला खुर्चीत बसलो.

"अण्णा, आहात ना?"

"आहे."

तो एकेक पाऊल टाकत निघाला. हात दोन्ही बाजूंना पसरलेले. फरशीवर चालत होता, पण घोटे थरथरत होते. जेमतेम चार वीतभर पावलं गेला असेल...

आणि थांबला.

मान डावीकडे वळवली. माझ्या डोक्याच्या वर, कोणीतरी उभं असल्यासारखं बघितलं.

"हो," तो म्हणाला.

मी काहीच विचारलं नव्हतं.

"हो, हद्द मीच बंद केली... लोक म्हणायचे, जाळी दिसली की मजा जाते... नाही. अक्कांना सांगितलं नव्हतं."

मी मागच्या दाराकडे बघितलं.

शांतता.

"फोन आला... रणवीरचा. मित्र... नाही, खाली नाही. मागच्या दारातून गच्चीवर गेलो. सिगारेट ओढायला."

शांतता. खालून नारळावर कोयता मारल्याचा आवाज आला.

"पाठ होती माझी... हो. ऐकू आलं."

आता तो रडायला लागला होता. डब्याखालून पाणी गालावर येत होतं.

"अक्कांनी विचारलं, अपूर्व, आहेस ना... मी फोनवर होतो... मी म्हटलं, आहे, अक्का."

शांतता.

"हो. गच्चीवरूनच म्हटलं."

मला कळायला थोडा वेळ लागला. तुम्हालाही लागेल. सुचेताला आत काही दिसत नव्हतं. फक्त फळी. तिने बाजूच्या माणसाला हाक मारली. त्याने "आहे" म्हटलं, गच्चीवरून. तिला वाटलं, तो आहे तिकडे खोली आहे. माणूस आहे.

ती त्याच्या आवाजाकडे वळली.

"मग?" असं कोणीतरी विचारलं असणार. कारण अपूर्व म्हणाला, "मग माझ्या जवळून वारा गेला."

मग तो गुडघ्यावर बसला. दोन्ही हात जमिनीला घट्ट लावून. फळी धरावी तशी.

"अण्णा, काढा. मला काढता येत नाही. थापा मारा. अण्णा."

त्याचा खांदा माझ्यापासून हातभर अंतरावर होता.

दोन थापा. एवढंच. नियम मला पाठ होता.

मी उठलो. खुर्ची सोडली. दारापर्यंत गेलो.

"अण्णा... आहात ना?"

मी दारातून म्हणालो, "आहे."

आणि जिना उतरलो.

पहिल्या पायरीवर असताना मागे खुर्ची करकरली. कोणी बसावं तशी.

खाली येऊन मी नारळपाणी घेतलं. उभ्याने प्यायलो. वरून काही आवाज आला नाही.

संध्याकाळी मॅडम तिथे पोचल्या तेव्हा तो तसाच होता. त्यांनी डबा काढला. घाईत, थापा न मारता. त्यांना नियम माहीत होता, पण त्या वेळी कोणाला सुचतं?

रेकॉर्डिंग त्यांनी ऐकलं. मला बोलावून घेतलं. अहवालातलं ते वाक्य काढलं, सुचेताच्या नावापुढचा डाग गेला, अपूर्वचं काम बंद झालं. रेकॉर्डिंगमध्ये माझं "आहे" आहे. त्यानंतर माझी पावलं आहेत, जिन्यावरून खाली जाणारी. मॅडमनी तेही ऐकलं असणार. त्यांनी मला काही विचारलं नाही. फक्त निघताना चहाचं विचारायचं विसरल्या, ज्या कधी विसरत नाहीत.

खुर्ची मी घरी आणली. त्याच जागी ठेवली. दुपारी दोन ताटं घेतली.

खुर्ची वाजली नाही.

दुसऱ्या दिवशी नाही. नंतरही नाही. मी स्वतः बसून पुढे वाकून बघितलं. वेत जुना, पण आवाज नाही.

आठवडे गेले. मग वसुमतीबाई आल्या, अपूर्वच्या आई. चार जिने चढून आल्या होत्या, दम लागला होता. पाणी दिलं, घेतलं नाही.

"पुरुषोत्तमअण्णा, माझ्या मुलाने काय केलं ते मला ठाऊक आहे. मी त्याची बाजू घ्यायला आले नाही."

"मग?"

"तो पलंगावर पाय वर घेऊन बसतो. खाली ठेवतच नाही. म्हणतो, खाली काही नाहीये. जेवण भरवावं लागतं, हो. फळी सोडत नाही." पदराने तोंड पुसलं. "डॉक्टर झाले, देवाचं झालं. तो एकच सांगतो. अण्णांना थापा मारायला सांग. स्वल्प या की. मारा आणि जा. शिव्या द्यायच्या तर त्याही द्या."

मी नाही म्हणणार होतो. पण त्या खुर्चीकडे बघून म्हणाल्या, "अपूर्व सांगायचा, तुमची खुर्ची वाजते. माझ्याकडेही वाजते एक."

"कुठली?"

"त्याच्या पलंगाशेजारची. सारखी वाजते. तो कोणाला तीवर बसू देत नाही. म्हणतो, बसलेत."

मी चप्पल घातली.

के. आर. पुरमला त्यांचं घर स्टेशनच्या मागे आहे. दुपारचं ऊन खिडकीतून पलंगावर पडलं होतं. अपूर्व भिंतीला पाठ लावून बसला होता. डोळे उघडे. हात सारखे चेहऱ्याकडे जात होते, डोक्यामागचा पट्टा शोधत होते. पट्टा नव्हता. काही नव्हतं.

डाव्या बाजूला एक निळी खुर्ची. प्लास्टिकची. इथे हॉटेलात असते तशी.

मी आत पाऊल टाकलं आणि ती करकरली.

प्लास्टिकची खुर्ची... आणि आवाज वेताचा.

"अण्णा," तो म्हणाला. बघत दुसरीकडेच होता. "आहात ना?"

मी जवळ गेलो. हात उचलला. मारणार होतो, शपथेवर सांगतो. त्याच्यासाठी नाही. तो बाहेर आला तर सुचेता खुर्ची सोडेल. आणि सोडली तर कदाचित घरी येईल.

तेव्हा मला त्याचा डावा खांदा दिसला.

पातळ सुती शर्ट होता. खांद्यावर तो दबलेला होता. चार बोटं पुढे, अंगठा मागे. कोणी हात ठेवून बसल्यावर कापड दबतं तसा.

तिथे आधीच हात होता.

"सुचेता," मी हळूच म्हटलं. "झालं आता. घरी चल."

कापड उठलं नाही. उलट... बोटं आणखी रुतली. अपूर्व कण्हला.

मला तिचा नियम आठवला. आतला आत असेपर्यंत बाजूच्याने खुर्ची सोडायची नाही.

मी हात खाली घेतला.

वसुमतीबाई दारात उभ्या होत्या. खोलीत आल्या नव्हत्या. "मारल्या का थापा?"

"मारल्या," मी म्हणालो.

त्यांनी दोन्ही हात जोडले. मी त्यांच्याकडे न बघता बाहेर पडलो.

मला वाईट वाटतं का? अपूर्वबद्दल नाही. ते इथे खोटं लिहीत नाही. त्या बाईंबद्दल वाटतं. आणि सुचेताबद्दल वाटतं, की तिला आता तिथे बसावं लागतंय. की ती आपणहून बसलीय? मला माहीत नाही. जिवंत असताना तिने कधी कोणाचं वाईट चिंतलं नव्हतं.

इथेच संपवणार होतो. पण गेल्या आठवड्यात एका दुपारी एक गोष्ट झाली, म्हणून हे लिहायला घेतलं.

मी जेवून वेताच्या खुर्चीत बसलो होतो. गॅलरीचं दार उघडं होतं, उकडत होतं. पंखा बंद, लाइट गेलेली. घर इतकं शांत होतं की मला राहवलं नाही. मी मोठ्याने विचारलं,

"सुचेता, आहेस ना?"

काहीच नाही.

मग...

"आहे."

तिचाच आवाज. ओळखण्यात चूक व्हायची नाही. आवाज गॅलरीतून आला. गॅलरीच्या थोडा पलीकडून, जिथे चार मजल्यांची नुसती पोकळी आहे.

मी अर्धा उठलो होतो. आणि मग मला आठवलं.

सुचेता बाजूला बसल्याशिवाय कधी "आहे" म्हणायची नाही.

गॅलरीचं दार मी आता लावून घेतलंय. तरी दुपार झाली की पलीकडून कोणीतरी सांगतं, "आहे." मी न विचारता.